सायकलवरचा मुराळी

औंढे, ता. ७ फेब्रुवारी १९३७

चि. शालूस तुझ्या आजीचा आशीर्वाद.

आजी म्हणजे कोण, ते आठवत नसेल म्हणून आधी ओळख सांगते. औंढ्याला एक म्हातारी राहते. झुंबरबाई तिचं नाव. पुढचे दात गेले, जीभ जागेवर आहे. मानमोडीच्या साथीत तुझे आईबाप एका आठवड्यात गेले तेव्हा तुला हिनंच दुधाच्या बोळ्यावर जगवलं, आणि तुझ्या भावाला भाकरीवर. लग्न होईपर्यंत तू हिच्याच कुशीत झोपायचीस आणि झोपेत लाथा मारायचीस. आता काही आठवतंय? नसेल तर राहू दे. तुमच्या समुद्राकाठी खाऱ्या हवेनं लोखंडसुद्धा गंजतं म्हणतात, तिथं डोक्याचं काय घेऊन बसायचं!

हे पत्र तुझा भाऊ हौशीराम लिहितोय. मी सांगते आणि तो लिहितो. लोणावळ्याच्या रेल्वे शेडात असतो म्हणून तारीख विंग्रजी घातलीय. "चिरंजीव शालूस" म्हटल्याबरोबर त्याचा टाक थांबला. मला म्हणाला, "आज्जे, नुसतं 'पत्रास कारण की' असं लिवतो." मी म्हटलं, "पत्र कारणाला लिवायचं का माणसाला?" मग लिहिलं. खरंच लिहिलं का नाही, ते तुलाच ठाऊक. मला सगळी अक्षरं सारखीच, मुंग्यांची रांग.

तर कारण असं. ह्यानं सायकल घेतलीय. खंडाळ्याच्या बंगल्यातला एक साहेब विलायतेला परत गेला, त्याची. काळी, उंच, पुढं घंटी. बैलालासुद्धा कधी इतकं जपलं नसेल. सकाळी पुसतो, संध्याकाळी पुसतो, चैनीला तेल घालतो. माझे गुडघे कुरकुरतात, त्यांना तेल हवं का विचारत नाही. आता ह्याच्या आणि तुंगार्लीच्या नथूच्या डोक्यात आलंय की एका दिवसात सायकलवरून समुद्र गाठायचा. पहाटे निघायचं, घाट उतरून खोपोली, मग पेण, धरमतरची खाडी ओलांडून अलिबाग, तिथून रेवदंडा. तिथली खाडी उतरली की एका अंगाला डोंगर आणि एका अंगाला पाणी असा जो तुमच्याकडचा रस्ता आहे, त्याच्यावरून दिवस मावळायच्या आत जाईल तितकं जायचं. मी विचारलं, "तितं काय हाय?" तर म्हणाला, "समुद्र." "आन्‌ आणखी?" "आणखी काय न्हाई. हवा लय चांगली."

ऐक हे. अख्खी मुंबई चांगल्या हवेसाठी गाडीत बसून लोणावळ्याला येते, आणि हा लोणावळ्याचा माणूस चांगल्या हवेसाठी घाट उतरून चाललाय.

आता त्याचे प्रश्न. ते तो माझ्या नावानं विचारतोय, तेव्हा उत्तर मलाच दे. रेवदंड्याच्या पलीकडं तुझ्या बोर्लीपर्यंत चढ कसे आहेत? सायकल हातात धरून चालावं लागतं असे, का दात आवळून चढता येतील असे? वाटेत गोडं पाणी कुठं मिळतं? तरीवाला सायकल होडीत घेतो का? आणि ते भरती-ओहोटीचं काय असतं, ते नीट लिही. नदी कशी, गेली की गेली. तुमचा समुद्र निरोप घेऊन गेलेल्या पाहुण्यासारखा, विसरलेली काठी न्यायला दिवसातून दोनदा परत येतो म्हणे. त्याच्या वेळा कळव.

मी म्हटलं, "बोर्लीपर्यंतच का रं? रस्ता पुढं मुरूडला जातो म्हणालास की." कान लाल झाले. म्हणाला, "लिव की आज्जे, बोर्ली गावातनं जाणार, पर थांबणार न्हाई." लिव की म्हणजे कोण लिहिणार? टाक ह्याच्याच हातात! तर हे वाक्य त्यानं फार ठळक लिहिलंय. शाई कागदाच्या मागं आलीय, तेवढं मला दिसतं.

बाकी इकडं ठीक. म्हैस व्यायली. तुझ्या सासऱ्यांना, मारुतीआबांना, आणि सासूबाईंना नमस्कार. जावई महिपतीला आशीर्वाद.

तुझी आजी


औंढे, माघ वद्य तृतीया

शालू बाळा, आशीर्वाद.

अक्षर वेगळं दिसलं म्हणून भिऊ नकोस, मी मेलेली नाही. हे कस्तुराबाई लिहितायत, आमच्या शाळेच्या मास्तरांच्या बाई. हौशा शेडात गेला तशी मी त्यांच्या ओट्यावर येऊन बसलेय. माझं बोलणं त्या जरा धुऊन लिहितात, तेव्हा मी शहाणी झाले असं समजू नको.

तुझं उत्तर आलं. हौशानं मोठ्यानं वाचलं. रेवदंड्याच्या पलीकडं दोन चढ सोपे आणि तिसरा दम काढणारा. कोर्लईला विहिरीचं पाणी गोडं. तरीवाला सायकल आडवी घालून नेतो. अमावास्या-पुनवेला उधाण असतं, खाडी ओढते, म्हणून अष्टमी-नवमीला या, तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. सगळं छान लिहिलंस. त्यानं रुळाच्या नकाशासारखं एका कागदावर उतरून घेतलं आणि लगेच दिवस ठरवला. फाल्गुनातली नवमी, त्या दिवशी रविवार आहे. सोमवारची रजाही टाकली.

आणि पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "इकडे सर्व ठीक." ते त्यानं वाचलं, कागदाची घडी घातली आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. मी मात्र तिथंच. तुझं 'सर्व ठीक' घोटभर पाण्यानं उतरेना.

कारण मला कळलंय. बोर्लीची बयाबाई कोळीण कार्ल्याला एकवीरेच्या पाया पडायला आली होती, ती मला लोणावळ्याच्या बाजारात भेटली. ती तुमच्या शेजारच्या वाडीतली निघाली. तुला सहावा महिना चालू आहे म्हणाली. शालू, लग्नाला सहा वर्षं झाली. ह्या सहा वर्षांत मी किती देवांशी भांडले त्याचा हिशेब त्यांनाही लागायचा नाही. आणि ही बातमी मला मासळी विकणारीनं सांगावी?

रागावले नाही. रागावले होते, पण बाजारातून चालत येईपर्यंत राग दमला.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, हे तुला मी सांगायला नको. सातव्यात मुराळी येऊन नेतो. आठवा लागला की पोटुशीला घाट चढवत नाहीत, आणि तुझा आठवा पाडव्याच्या पुढंमागं लागतो. म्हणजे वेळ फार नाही. मी आले असते, पण हे गुडघे मला लोणावळ्याच्या बाजारापर्यंत नेतात आणि तिथं सोडून देतात. मुराळी म्हणून जायला घरात एकच पुरुष, आणि तो म्हणतो, "त्या दारात मुराळी म्हणून पाय ठेवणार न्हाई."

का म्हणतो? गेल्याच्या आधीच्या दिवाळीला तो भाऊबीजेला तुला आणायला गेला, आणि एकटाच परत आला. शिदोरीचं फडकं मोकळं, तुझ्यासाठी नेलेला खण तसाच काखेत. वाटेत चारचौघांनी विचारलं, "काय हौशीराम, मुराळी एकटाच?" घरात आल्यावर म्हणाला, "ते धाडत न्हाईत. तिलाबी यायचं न्हाई." एवढंच. मी पुन्हापुन्हा विचारलं. मारक्या बैलासारखी मान खाली घालून बसला. त्यानंतर त्यानं तुझं नाव घेतलं ते ह्या सायकलीनंतर, तेही चढ-उतार विचारण्यापुरतं.

शालू, त्या दिवशी झालं काय? खरं ते लिही. पत्र कस्तुराबाईंच्या नावानं टाक, म्हणजे ते हौशाच्या हाती जाणार नाही. आणि लवकर लिही. मला बसवत नाही. चुलीपाशी बसले की अंगणात जावंसं वाटतं, अंगणात गेले की वेशीवर. सकाळी मी एकच हंडा दोनदा घासला. शेजारची अंबूबाई म्हणाली, "आत्याबाई, सोनं निघालं का खालून?"


औंढे, फाल्गुन शुद्ध द्वितीया

शालू बाळा,

तुझं पत्र कस्तुराबाईंनी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्यांदा हौशाच्या कपाळावर मारायचा होता, पण तो कामावर होता.

अगं, एवढंच होतं? भाऊबीजेच्या दिवशीच तुला कावळा शिवला, आणि तू परसातल्या पडवीत कडेला बसलेली! ओवाळणार कशी आणि समोर येणार कशी? बाया सगळ्या भातकापणीला गेलेल्या, तुझी सासूही; महिपतीही तिकडंच. घरात मारुतीआबा एकटे. त्यांनी सुनेच्या तरण्या भावाला काय म्हणून सांगायचं? तोंडाला येईल ते सांगितलं, "कापणी हाय, पौषात न्या." ह्याला जेवायला विचारलं नाही, कारण चुलीला हात लावणारं घरात कुणी नव्हतं. सासू अंधार पडल्यावर येणार. आबा स्वतःही सकाळपासून उपाशीच होते असं तू लिहिलंस. म्हणजे एका ओट्यावर दोन पुरुष, दोघांच्या पोटात कावळे ओरडतायत, आणि दोघंही समोरच्या नारळाकडं बघत गप्प! तू कुडापलीकडं बसून भावाचं खोकणं ऐकतेस, पण सासरा ओट्यावर असताना सुनेनं हाक कशी मारायची? मग त्याच्या वहाणा वाजल्या आणि तो गेला.

हौशानं मला नुसतं एवढं जरी सांगितलं असतं, की "भाऊबीज असून ती ओवाळायला बाहेर आली न्हाई", तर त्याच्या वहाणा पायातून निघायच्या आत मला कळलं असतं. कुठल्याही बाईला कळलं असतं. पण बहिणीनं ओवाळलं नाही हे सांगायची त्याला लाज, म्हणून नेमकं तेच पोटात ठेवलं. आणि पुढच्या दिवाळीला मुराळी आला नाही म्हणून तू रुसलीस, की दादाला एवढंसुद्धा कळू नये? नाही गं कळत. पुरुषाला इंजिन कळतं, घाट कळतो. परसात काय चाललंय ते त्यांना कुणी सांगत नाही आणि ते विचारत नाहीत.

आणि तू पत्रात तरी कसं लिहावंस! इकडं पत्र वाचणारा तोच. असली गोष्ट भावानं आजीला मोठ्यानं वाचून दाखवायची? पोटातल्या बाळाचंही तसंच. बरोबर आहे तुझं. दीड वर्ष आपण तिघं एकमेकांवर रुसून बसलो, कारण घरात शिकलेला एकच आणि तो बाप्या.

मी म्हातारी झाले, मला आता लाज वाटायचं कारण नाही. काल तो अंगणात सायकल उलटी करून बसला होता. मी शेजारी जाऊन बसले.

"हौशा, त्या दिवशी तू बोर्लीला परसात गेलतास का?"

"मी कशाला परसात जाऊ लोकांच्या?"

"तितं तुझी बहीण बसली हुती."

"परसात? आन्‌ का म्हणून?"

"कावळा शिवल्यावर बाईमाणूस कुटं बसतं? देवघरात?"

त्याच्या हातातला पाना थांबला. मग तो जो नट आधीच घट्ट होता तोच पुन्हा आवळायला लागला. मी सगळं सांगितलं. आबा उपाशी होते तेही. सातवा लागतोय तेही. त्यानं ऐकलं का नाही कोण जाणे, चाक मात्र गरगर फिरवत होता. मग ते हातानं थांबवून म्हणाला, "आज्जे, मी वाटंत थांबलो हुतो. खाडीवर. म्हटलं कुणीतरी बोलवायला येईल."

मी म्हटलं, "कोण येणार? कापणीला गेल्याली बाई का कडेला बसल्याली?"

मग जे व्हायला नको तेच झालं. इतके दिवस त्याला राग होता म्हणून जायचं नव्हतं, आता लाज वाटते म्हणून जायचं नाही. म्हणतो, "कुटल्या तोंडानं जाऊ? गेल्या दिवाळीला गेलो न्हाई. तिनं वाट बघितली असंल." मी म्हटलं, "ज्या तोंडानं भाकर खातोस त्याच तोंडानं जा, दुसरं कुटनं आणणार?" तर उठला आणि म्हणाला ब्रेकचे रबर झिजलेत, घाटात धोका आहे, बेत पुढं ढकलू. संध्याकाळी नथू आला त्यालाही तेच सांगितलं. नथू बिचारा नवी पिशवी शिवून घेऊन आला होता, ती उलटसुलट करून बघत बसला.

नवमी गेली तर पुढं पुनव, मग उधाण. त्याच्या पुढची अष्टमी म्हणजे तुझा सातवा सरत आला. तू काही लिहू नको त्याला. तू मागं सर, मला बघू दे.


औंढे, फाल्गुन शुद्ध नवमी, रविवार

शालू,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा तो तुझ्याकडं येऊन गेलेला असेल, का गेला नाही हे तुला कळलेलं असेल. म्हणजे ह्या पत्राचा काडीचा उपयोग नाही. कस्तुराबाई तेच म्हणतायत. अंघोळीचं पाणी तापत ठेवून बसल्यात बिचाऱ्या, पण मी उठू देत नाही. मला कुणाशी तरी बोलायचंय, आणि इथं जो भेटतो तो सायकलीचंच विचारतो.

तो गेला. पहाटे, नथूबरोबर.

कसा गेला ते सांगते. शुक्रवारी सायकल अंगणात घोड्यावर उभी होती. मी लुगडं नीट खोचलं, गाठोडं घेतलं आणि मागच्या कॅरिअरवर जाऊन बसले. हौशा बाहेर आला.

"आज्जे, काय करतीस?"

"बोर्लीला निघाले. चल, ढकल."

"उतर. पडशील."

"तू न्हाई जायाचा तर मुराळी म्हणून मीच जाणार. घाट उतारच हाय, आपसूक जाईल."

तो हसला, मी हसले नाही. अंबूबाई आली, तिची जाऊ आली, वरच्या आळीची पोरं आली. कुणी म्हणतं आजींना हार घाला, कुणी म्हणतं घंटी वाजवा. मी घंटी वाजवायला वाकले आणि सायकल अशी कलंडली की चार जणांनी धरली. तरी उतरले नाही. ऊन डोक्यावर आलं, गुडघे बधीर झाले. शेवटी हौशा समोर येऊन उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "आज्जे, ती मला बघून आत गेली तर?"

बघ. एवढा घोडा, इंजिनाच्या पोटात शिरून काम करतो, आणि भीती ह्याची.

मी म्हटलं, "आत गेली तर तू ओट्यावर बस. या खेपेला उपाशी असलास तर तोंडानं सांग, की मला भूक लागलीय. पुढचं आपसूक हुतं."

मग मला दोघांनी उचलून खाली ठेवलं. शनिवारी त्यानं लोणावळ्याहून ब्रेकला नवे रबर आणले. काल दिवसभर मी करंज्या केल्या. सायकलवर शिदोरी न्यायची म्हणजे डबा कॅरिअरला सुतळीनं बांधायचा. तुझ्या सासरी जातील तोवर करंज्यांचा चुरा होईल. चमच्यानं खा म्हणावं. मी विचारलं, "आन्‌ पोरीला आणताना कुटं बसवणार? डब्याच्या जागंवर?" तर त्यानं सगळं ठरवलेलं. बोर्ली ते खाडी बैलगाडी, पुढं मोटार, सायकल टपावर, खोपोलीहून आगगाडी. एवढं ठरवलं होतं म्हणजे बेत पुढं ढकलताना पठ्ठ्या मनातून हेच जुळवत होता!

आता उन्हं आली. म्हणजे खंडाळा मागं पडला. घाटाच्या उतारावर असेल. नव्या रबरानं ब्रेक जास्तच लागतात म्हणाला होता. कस्तुराबाई म्हणतात खोपोलीला पोचलाही असेल. त्यांना काय, त्यांचा नवरा शाळेत चालत जातो. तिकडं पेणपर्यंत सपाट आहे म्हणतात. मग खाडी. होडीत सायकल आडवी. होडी हलते का गं? तू कधी लिहिलं नाहीस होडी हलते का.

मी आता घरी जाते. नाही, वेशीवर जाते. घरी काय आहे!

शालू, तो आधी तुझ्या दारावरून पुढं निघून जाईल. ओळखते मी त्याला. तू धावत रस्त्यावर येऊ नको ह्या दिवसांत.


औंढे, चैत्र शुद्ध प्रतिपदा

सौ. धोंडाबाई विहीणबाई यांस झुंबरबाईचा नमस्कार. मारुतीआबांना नमस्कार, महिपतीला आशीर्वाद.

तुमची सून पोचली ते महिपतीला लगेच कळवलं होतं. हे पत्र तुम्हाला वेगळं. हे शालू लिहितेय. माझं तिसरं माणूस लिहायला. आता माझ्याकडं लिहिणाऱ्यांची एवढी चंगळ झालीय की बोलायला मी अपुरी पडते. ती म्हणते, "आजी, सासूबाईंना असलं नको सांगूस." मी तिला म्हटलंय, सांगते ते लिही, गाळलंस तर कस्तुराबाईंकडून परत लिहवून घेईन.

तुमच्याकडचं सगळं हौशानं सांगितलं, आणि जे त्यानं गाळलं ते शालूनं. शेवटच्या चढावर त्याची चैन तुटली. नथू अलिबागलाच हवा खात राहिला होता. मग हा सायकल ढकलत, गुडघा फुटलेला, हात काळे, असा तुमच्या दाराशी आला. दारावरून पुढं जायची ताकदच उरली नव्हती. आबांनी ओळखलं नाही. "कोण रं बाबा तू? सायकलवाला हितं कोण न्हाई." आणि हा माझा नातू, जो मुराळी म्हणून येणार नव्हता, तो म्हणाला, "आबा, मी मुराळी. मला लय भूक लागलीय."

विहीणबाई, हे ऐकल्यापासून मी आबांना मनातल्या मनात किती हात जोडले! त्यांनी एक शब्द विचारला नाही. पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, आणि स्वतः त्याच्या शेजारी जेवायला बसले. दोघं मिळून भाताचं पातेलं खरवडेपर्यंत जेवले म्हणे. शालू आतून वाढत होती आणि डोळे पुसत होती. "भात खारट झाला असंल," असं आबा म्हणाले आणि तिसऱ्यांदा मागितला.

आबांनी "न्या" म्हटलं, महिपतीनं बैल जुंपले. तुम्ही मात्र काही बोलला नाहीत. शालूचं गाठोडं तुम्ही बांधलंत, सोडलंत, परत बांधलंत. खाडीपर्यंत गाडीबरोबर आला नाहीत. पोरगी वाटभर विचारत होती, दादा, सासूबाई रागावल्या का?

(हे लिहिताना तिनं टाक खाली ठेवला होता. परत उचलायला लावला.)

तिला वाटतं तुम्ही रागावलात. मला तसं वाटत नाही. सहा वर्षं लोक तुम्हालाही विचारत होते, सुनेचं काही आहे का. तुम्ही तिला एका शब्दानं टोचलं नाहीत, हे तिनंच सांगितलं. दुसरी सासू असती तर काय केलं असतं ते मी चार घरांत बघितलंय. आणि आता दिवस आले, पोट दिसायला लागलं, पोरीचे डोहाळे तुम्ही पुरवलेत. आणि ऐन वेळेला घाटावरून एक तेलकट माणूस येतो आणि तिला उचलून नेतो. का, तर रीत आहे. पहिलं रडणं ऐकायचं ते मी. तुम्ही बारशाला या, पाहुण्यासारख्या, पाळण्याला हात लावा आणि जा.

सून उंबऱ्याबाहेर पडल्यावर घर कसं वाजतं ते मला माहीत आहे. माझी तर मानमोडीत गेली, ती परत आलीच नाही.

तर मी असं ठरवलंय. रीत मोडायची नाही, पुढं ओढायची. बाळंतपण इथंच होईल. पण वैशाख सरता सरता, पाऊस घाटात अडकायच्या आधी, हौशा परत येईल तुमच्याकडं. ह्या वेळी तुम्हाला न्यायला. व्हय, मुराळी तुमच्यासाठी. लोक हसतील, विहिणीला कुणी मुराळी पाठवतं का म्हणून. हसू देत. कॅरिअरवर बसले तेव्हाही हसलेच होते. तुम्ही इथं माझ्याजवळ राहायचं, दिवस भरेपर्यंत आणि भरल्यावरही. सुईण आमच्या गावची येईल, पण पोरीच्या उशाशी कुणी बसायचं ते आपण दोघी भांडून ठरवू. मला रात्री डोळ्याला नीट दिसत नाही, तेव्हा तुम्हीच जिंकाल.

आबा आणि महिपती उपाशी राहतील म्हणाल, तर आबांना आता भाताचं पातेलं चुलीवर ठेवायला शिकवा. पाऊस लागेपर्यंत वेळ आहे.

नाही म्हणू नका. हौशा म्हणतो या खेपेला तो आख्खा दिवस सायकलवर येणार, एकट्यानं, न थांबता, आणि उतरल्याबरोबर आधी जेवायला मागणार. तेव्हा त्या दिवशी चूल पेटती ठेवा.

येताना नारळ आणा. इकडं हळीव मिळतो पण नारळ वाळलेले मिळतात, त्यात बाळंतिणीच्या लाडवांना दम येत नाही. सोलून आणू नका, शेंडी राहू द्या, म्हणजे पावसात टिकतील. कोकमं आणा, थोडी. आणि सोडे आणा, चांगले उन्हात कडकडीत वाळलेले, फडक्यात बांधून वरून पुन्हा फडकं. बाळंतिणीला ते चालत नाहीत. ते मला.